विश्लेषण : नखे कुरतडणारा विद्यार्थी घाबरटच असतो का?

बारावीचे पेपर पंधरा दिवसांवर आले, की मालेगाव कॅम्पातल्या अभ्यासिकांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. पुढ्यात गणिताचे पुस्तक, एका हातात पेन आणि दुसऱ्या हाताचा अंगठा दातांत. उदाहरण सुटले की हात खाली येतो, पुढचे अडले की पुन्हा वर जातो. मोसम नदीच्या पलीकडे, यंत्रमागांच्या खडखडाटात वसलेल्या मोहल्ल्यांतल्या शाळांमध्येही चित्र वेगळे नाही. तिथे फळ्यावर उर्दू असते एवढेच.

घरी आई हातावर चापट मारते. वर्गात सर ‘हात खाली’ म्हणतात. लग्नकार्यात भेटलेले काका-मामा तर निदानच करून मोकळे होतात : ‘पोरगं घाबरट आहे’, ‘तिच्यात आत्मविश्वासच नाही’. एकदा बसलेला हा शिक्का पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही.

मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही हा प्रकल्पाचा सोयीचा विषय असतो. नखे खाणारी आणि न खाणारी अशी दोन गटांतली मुले निवडायची, दोघांना व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली द्यायची, गुणांची सरासरी काढायची आणि फरक मांडायचा. पण नखावरून स्वभाव खरोखर ओळखता येतो का? आतापर्यंतचे प्रयोग पाहिले, तर नख त्या मुलाच्या स्वभावाबद्दल थोडे आणि त्या क्षणाबद्दल बरेच काही सांगते.

हा आजार आहे की नुसती सवय?

बहुतेकांच्या बाबतीत नुसती सवय. वैद्यकात तिला ‘ओनिकोफेजिया’ असे भारदस्त ग्रीक नाव आहे. पण आपल्याकडचा ‘चाळा’ हा शब्द अधिक नेमका आहे. पेनाचे टोपण चावणे, केसांची बट बोटाभोवती गुंडाळणे, ओठांची साल काढणे ही सगळी याच कुळातली भावंडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात नखे खाणे हे अंगठा चोखणे आणि नाक कोरणे यांच्याच रांगेत, बालपणाच्या किरकोळ वर्तनांमध्ये नोंदवलेले होते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपली निदानपुस्तिका सुधारली, तेव्हा हा चाळा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी आणि त्याच्याशी संबंधित विकारांच्या प्रकरणात गेला. हे वाचून पालकांनी दचकायचे कारण नाही. त्या पुस्तिकेनुसार निदान होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : कृती वारंवार होणे, ती थांबवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणे आणि तिच्यामुळे माणसाला खरोखरचा त्रास होणे किंवा दैनंदिन जगण्यात अडथळा येणे. परीक्षेच्या काळात अंगठ्याचे नख खाणारा आपला मुलगा या चौकटीत सहसा बसत नाही.

किती मुलांना ही सवय असते?

मंगळूरमधल्या ४,५९० शाळकरी मुलांची दंतवैद्यांनी केलेली पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १२.७ टक्के मुले नखे खाणारी आणि ९.८ टक्के मुले पेन्सिल चावणारी आढळली. तोंडाशी संबंधित ज्या सवयी त्यांनी तपासल्या, त्यांत नखे खाण्याचाच क्रमांक पहिला होता. इतर देशांतल्या पाहण्यांत हे प्रमाण याहून बरेच जास्त निघते, कारण कोणी दातांवरून आणि बोटांवरून ठरवते, तर कोणी मुलांनाच विचारते.

पोलंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली ३३९ जणांची पाहणी आणखी उपयोगाची आहे. त्यातल्या ४६.९ टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी नखे खाल्ली होती. पण त्या वेळी ही सवय चालू होती ती १९.२ टक्क्यांची, उरलेल्या २७.७ टक्क्यांची सुटली होती. म्हणजे सवय असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण त्यातून बाहेर पडले होते. काका-मामांना सांगण्यासारखा हा आकडा आहे.

मग स्वभावाशी संबंध जोडला कोणी?

जुना उल्लेख आपल्याकडेच सापडतो. मातीची ढेकळे फोडणारा, गवत तोडणारा आणि नखे खाणारा माणूस लवकर नाश पावतो, असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एका दमात सांगितले आहे. नाशाचे भाकीत बाजूला ठेवू; पण ही तीन कामे एकत्र कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. बांधावर रिकामे बसलेल्या माणसाचे हात नेमके हेच करतात. ज्याने कोणी ही यादी केली त्याला नखे खाण्यात भीती दिसली नव्हती, रिकामपण दिसले होते. घरोघरी सांगितले जाणारे ‘नखं खाल्ली की दळिद्र येतं’ हेही त्याच जातीचे.

भीतीचा धागा पुढे विसाव्या शतकात घट्ट झाला. सिग्मंड फ्रॉइडच्या मांडणीत बाळाच्या वाढीचा पहिला टप्पा तोंडाशी जोडलेला होता. तिथे काही अडले-राहिले, तर मोठेपणी माणूस सिगारेट ओढतो, जास्त खातो, नखे चावतो, असे त्याचे अनुयायी सांगू लागले. ऐकायला छान, तपासून पाहायला मात्र जवळजवळ अशक्य. त्यानंतर आल्या प्रश्नावल्या. हान्स आयझेंक, रेमंड कॅटेल यांच्या चाचण्यांनी स्वभाव मोजपट्टीवर आणला. पाठ्यपुस्तके ज्याला न्यूरोटिसिझम म्हणतात, म्हणजे मन लवकर विचलित होण्याची प्रवृत्ती, त्याचे गुण नखे खाणाऱ्यांमध्ये जास्त आहेत का, हे ठिकठिकाणी मोजले जाऊ लागले. काही ठिकाणी फरक निघाला, काही ठिकाणी नाही.

फरक निघाला तरी तो कसा वाचायचा?

प्रकल्प करणारे विद्यार्थी नेमके इथेच घसरतात, त्यामुळे थोडे थांबू.

समजा, एका तुकडीतल्या मुलांची सरासरी उंची दुसऱ्या तुकडीपेक्षा एका सेंटिमीटरने जास्त निघाली. त्यावरून दारातून आत येणारा मुलगा कोणत्या तुकडीतला, हे कोणी सांगू शकणार नाही. सरासरीतला फरक खरा असला, तरी एकेका मुलाबद्दल तो काही सांगत नाही. नखे आणि स्वभाव यांच्यातला फरक, जिथे सापडतो तिथे, बहुधा अशाच जातीचा असतो.

दुसरी अडचण उत्तरांची. ‘तुम्ही लवकर अस्वस्थ होता का?’ असा प्रश्न प्रश्नावलीत असतो. ज्या मुलीला पाचवीपासून ‘तू फार टेन्शन घेतेस, बघ नखं कशी झालीत’ असे ऐकवले गेले आहे, ती ‘हो’वर खूण करणारच. ती मूळची अस्वस्थ होती की ऐकून ऐकून तसे मानू लागली, हे प्रश्नावली सांगू शकत नाही. शिवाय ही पाहणी कधी केली, यालाही महत्त्व आहे. बोर्डाच्या परीक्षेआधीच्या आठवड्यात केली, तर अख्खी तुकडी अस्वस्थ निघेल.

तिसरी अडचण मुले कुठून निवडली याची. इराणमधल्या शिराझ शहरातला २००८ चा अभ्यास वारंवार सांगितला जातो. त्यात नखे खाणाऱ्या ६३ मुलांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांमध्ये अतिचंचलतेचा विकार आढळला. आकडा धडकी भरवणारा आहे. पण ही सगळी मुले मुळातच मानसोपचार दवाखान्यात आणलेली होती. रुग्णालयाच्या दारात उभे राहून गावात किती आजारी आहेत, ते मोजण्यासारखे हे झाले. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘तुमचे मूल नखे खाते? मग त्याला हा विकार असू शकतो’ छापाच्या व्हिडिओंमध्ये ही तळटीप नसते.

प्रयोगांत काय दिसले?

प्रश्नावली बाजूला ठेवून हात प्रत्यक्ष कधी तोंडाकडे जातो, हे पाहणारे प्रयोग कमी आहेत. पण जे आहेत ते बोलके आहेत. २००७ मध्ये विल्यम्स, रोझ आणि चिझम या संशोधकांनी महाविद्यालयाच्या ४० विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या प्रसंगांत बसवून पाहिले. काहीच काम नसताना एकट्याने बसणे, अवघड गणिते सोडवणे, कोणाशी गप्पा मारणे आणि नखे तोंडात गेली की कोणीतरी टोकणे, असे ते प्रसंग होते. नखे सर्वाधिक खाल्ली गेली ती कंटाळवाण्या एकांतात आणि अवघड गणितांच्या वेळी. गप्पा मारताना आणि कोणी टोकत असताना हे प्रमाण सर्वांत कमी होते.

२०१५ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या किरन ओकॉनर आणि सहकाऱ्यांनी ४८ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना नखे खाणे, केस उपटणे, त्वचा खाजवत राहणे अशा सवयी होत्या, निम्म्यांना नव्हत्या. ताण यावा म्हणून विमान अपघाताची चित्रफीत दाखवली. मन शांत व्हावे म्हणून समुद्राच्या लाटा दाखवल्या. वैताग यावा म्हणून ‘सोपे आहे, लगेच सुटेल’ असे सांगून प्रत्यक्षात अवघड कोडे हातात दिले. आणि कंटाळा यावा म्हणून रिकाम्या खोलीत सहा मिनिटे नुसते बसवून ठेवले. सवय असलेल्यांमध्ये लाटा पाहतानापेक्षा कंटाळ्याच्या आणि वैतागाच्या प्रसंगी चाळा करण्याची ऊर्मी जास्त होती.

या गटात एक स्वभावविशेष मात्र उठून दिसला, आणि तो भित्रेपणा नव्हता. सगळे ठरवल्याप्रमाणे आणि अचूकच व्हायला हवे असा आग्रह, एकाच वेळी खूप कामे अंगावर घेणे, संथ गतीने काम करताना जीव वरखाली होणे आणि रिकामे बसावे लागले की चिडचिड होणे, असे ते मिश्रण होते. ओकॉनर यांनी त्याला परिपूर्णतेच्या ध्यासाचा एक प्रकार म्हटले. ४८ जणांवरून सगळ्या जगाचा निकाल देता येत नाही, हे खरेच. पण आपल्या वर्गातली चार-दोन नखे खाणारी मुले आठवून पाहा. त्यांत वही खोडाखोड झाली म्हणून पान फाडून पुन्हा लिहिणारी एखादी मुलगी आठवते की नाही?

सरांच्या ‘हात खाली’ला गुण येतो का?

येतो, सर समोर असेपर्यंत. २००७ च्या प्रयोगातली हीच गोष्ट पालक आणि शिक्षकांनी नीट पाहावी. टोकणारा माणूस जवळ असला की हात खाली राहतो. त्यामुळे टोकणाऱ्याला वाटते, आपले ओरडणे लागू पडले. तो वळला, खोलीचे दार लागले, मूल पुस्तकासोबत एकटे उरले की हात पुन्हा वर जातो. मूल मधल्या काळात एवढेच शिकते, की हे लपून करायचे असते.

हे लिहिणाऱ्याने सातवीत असताना बोटांच्या पेरांवर लाकडी पट्टी खाल्ली आहे. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा सगळीकडेच पट्ट्या होत्या. त्यानंतर शाळेत एकदाही नख तोंडात घातले नाही. घरी माळ्यावर बसून दहाही खाल्ली.

हिरवी मिरची, कारल्याचा रस, कडुनिंबाचा पाला बोटांना चोळणे हे घरगुती उपाय याच पंथातले. मिरचीचा हात डोळ्याला लागला तर काय होते, ते वेगळे सांगायला नको. औषधाच्या दुकानात नखांना लावायचे कडू द्रव मिळतात. त्यांतल्या अनेकांमध्ये डेनाटोनियम हा १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये सापडलेला अतिशय कडू पदार्थ असतो. नकळत हात तोंडाकडे नेणाऱ्याला जागे करण्यापुरता त्याचा उपयोग होतो. मुलाला स्वतःला सवय सोडायची असेल तरच तो द्यावा. झोपेत बोटांना फासणे ही शिक्षाच ठरते.

शरीराला खरोखर काय धोका?

नखाच्या कडेची कातडी सोलली गेली की जंतू आत शिरतात आणि नखुर्डे होते. बोट ठणकते, पू होतो, पेपर लिहायचा हात असेल तर फारच पंचाईत. वर्षानुवर्षे चाललेल्या सवयीने पुढच्या दातांच्या कडा झिजू शकतात, हिरड्यांना इजा होऊ शकते. नखांखालच्या मातीतून कृमींची अंडी पोटात जातात, ही आणखी एक गोष्ट. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी म्हणूनच टाळू नये.

कसमादे पट्ट्यातल्या घरांनी एक खबरदारी जास्त घ्यावी. सुट्टीच्या दिवशी मुले कांद्याच्या लागणीला, काढणीला हात लावतात, डाळिंबाच्या फवारणीच्या वेळी बागेत असतात. औषधाचा अंश नखांत राहतो आणि साबणाने नीट हात न धुता तोच हात तोंडाकडे जातो. नखे खाण्यातला सर्वांत तातडीचा धोका मनाचा नव्हे, हा आहे, असे मला वाटते.

याच्या उलट टोकाची एक गंमतही नोंदवायला हवी. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा होत आहे. लहानपणी अंगठा चोखणाऱ्या किंवा नखे खाणाऱ्या मुलांपैकी ३८ टक्के मुलांमध्ये तेराव्या वर्षी त्वचेच्या चाचणीत ॲलर्जीची संवेदनशीलता आढळली. या सवयी नसलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. दोन्ही सवयी असलेल्यांत ते आणखी कमी, ३१ टक्के. लहानपणी जंतूंशी ओळख झाल्याने शरीराला तालीम मिळते, या विचाराला ते पूरक आहे. दमा आणि ॲलर्जीची सर्दी मात्र दोन्ही गटांत सारखीच होती. त्यामुळे संशोधकांनीही या सवयींना प्रोत्साहन द्या, असे म्हटलेले नाही.

सवय सोडवायची कशी?

नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय पालटण्याची पद्धत आजही उपचारांचा कणा आहे. तिची सुरुवात कंटाळवाणी वाटेल : आठवडाभर फक्त नोंद ठेवायची. हात वर गेला की वहीच्या मागच्या पानावर वेळ आणि त्या क्षणी काय चालले होते, ते दोन शब्दांत लिहायचे. ‘गणित अडले’, ‘बसची वाट’, ‘लाइट गेली’, ‘मोबाइल पाहत होतो’. सात दिवसांत बहुतेकांचे दोन-तीन ठरलेले प्रसंग समोर येतात. मुलाला स्वतःबद्दल काकांपेक्षा जास्त कळते ते इथे.

मग त्या प्रसंगी हातांना दुसरे काम द्यायचे, जे करताना नख तोंडात घालणे शक्यच नसते. मूठ आवळून मिनिटभर, जमल्यास तीन मिनिटे धरून ठेवणे हा त्यातला सगळ्यात सोपा प्रकार; वर्गात बाकाखाली कोणाला दिसतही नाही. काहींना बोटांत खेळवायला वस्तू लागते. मालेगावात सुताचा तुकडा शोधायला लांब जावे लागत नाही. त्याला गाठी मारत, सोडत बसता येते. घरच्यांनी एवढेच करायचे, की जमले त्या दिवशी ते लक्षात आल्याचे सांगायचे आणि नाही जमले त्या दिवशी गप्प राहायचे. दुसरा भाग जास्त अवघड आहे.

जर्मनीतल्या स्टेफन मॉरिट्झ यांच्या गटाने २०२३ मध्ये आणखी सोपा प्रकार तपासला. २६८ जणांपैकी एका गटाला, सवयीची ऊर्मी आली की बोटांची टोके एकमेकांवर हलकेच फिरवणे किंवा तळहाताला, दंडाला अलगद स्पर्श करणे शिकवले. सहा आठवड्यांनी त्या गटातल्या सुमारे ५३ टक्के लोकांनी सुधारणा सांगितली. नुसते थांबून राहिलेल्या गटात ती सुमारे २० टक्के होती. हे उत्तरदात्यांनी स्वतः सांगितलेले आकडे आहेत, हे ध्यानात ठेवावे. पण ना खर्च, ना दुष्परिणाम. करून पाहायला हरकत नाही.

बारीकशी एक गोष्ट अनेकजण विसरतात. नखाची खडबडीत कड हेच पुष्कळदा आमंत्रण असते. जिभेला ती टोचते, मग ती ‘सरळ करायला’ दात पुढे येतात, ती आणखी वेडीवाकडी होते. सगळे अचूकच हवे असणाऱ्या मुलाला तर ती कड स्वस्थ बसूच देत नाही. नेलकटर कपाटात न ठेवता कंपासपेटीत ठेवला, त्याच्या कानशीने कड घासली, तर एक फेरा तिथेच थांबतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बोटांतून वारंवार रक्त येत असेल, पू होत असेल, मूल हात लपवू लागले असेल, लग्नकार्याला किंवा प्रात्यक्षिक परीक्षेला जायला टाळत असेल, तर फॅमिली डॉक्टरांशी बोलावे. नखांसोबत केस उपटणे, झोप उडणे, जेवण कमी होणे, अभ्यासातून मन पूर्ण काढून घेणे असे काही दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. तिथे खरा प्रश्न नखांचा नसतो. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि घाई नको. बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला जवळपास सहा महिने लागतात. मार्चमध्ये शेवटचा पेपर देऊन ज्याने सुरुवात केली, त्याच्या दहाही बोटांना पूर्ण नखे दिसतील ती महाविद्यालयाचे नवे वर्ष सुरू होऊन दोनेक महिने झाल्यावर, गणपतीच्या आसपास.